सुरक्षिततेचा अंश आणि छेद

डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, २०२२ सालचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि पुणेकरांना कॉलर ताठ करायला एक कारण मिळाले. वीस लाखांहून अधिक वस्तीच्या १९ महानगरांत, दर लाख लोकसंख्येमागे सर्वांत कमी दखलपात्र गुन्हे कोलकात्यात नोंदले गेले होते : ८६.५. दुसरा क्रमांक पुण्याचा : २८०.७. तिसरे हैदराबाद : २९९.२. ‘देशातले दुसरे सुरक्षित शहर’ असा त्याचा अर्थ लावला गेला. त्यानंतर महिना-दीड महिनाही झाला नसेल, ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडसारख्या मध्यमवर्गीय उपनगरात भर दुपारी एका गुंडाचा गोळ्या घालून खून झाला.

तेव्हापासून शहरातला जुना वाद नव्याने पेटला आहे. एक बाजू म्हणते, रात्री अकरा वाजता मुलगी स्कूटरवरून एकटी घरी येते, आणखी काय हवे? दुसरी बाजू विचारते, कोयते नाचवत पोरे गल्लीत शिरतात, रांगेत उभ्या केलेल्या गाड्यांच्या काचा फोडून जातात, ते तुम्हाला दिसत नाही का? पहिल्यांच्या हातात अहवाल असतो, दुसऱ्यांच्या हातात सीसीटीव्हीची क्लिप. दोघेही खोटे बोलत नाहीत. मग हा वाद मिटत का नाही? कारण ‘सुरक्षित’ या एका शब्दाखाली दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात, आणि ज्या आकड्याचा दाखला दिला जातो तो तर तिसरेच काही मोजतो.

आकडा नेमके काय सांगतो?

एनसीआरबी स्वतः गुन्हे मोजत नाही. पोलीस ठाण्यांनी नोंदलेल्या गुन्ह्यांची बेरीज करते. घडलेला गुन्हा आणि नोंदलेला गुन्हा यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. आधी पीडित माणसाने ठाण्यात जायचे ठरवले पाहिजे. मग ‘ही हद्द आमची नाही’ हे वाक्य ऐकूनही त्याने परत फिरता कामा नये. मग प्रकरण अदखलपात्र ठरून ‘एनसी’च्या वहीत जाता कामा नये. शेवटी एफआयआर व्हायला हवा. तेवढे सगळे झाले की अहवालातल्या आकड्यात एकाची भर पडते. त्यातही एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील, तर फक्त सर्वांत गंभीर गुन्हा मोजला जातो. बलात्कार करून खून झाला असेल, तर तो खुनाच्या रकान्यात जातो.

म्हणूनच गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी सूचना एनसीआरबीनेच आपल्या अहवालात दिली आहे. ती सहसा कोणी वाचत नाही. सगळे थेट क्रमवारीच्या तक्त्याकडे वळतात.

या सूचनेचा अर्थ दिल्लीने दाखवून दिला. २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांकडे ८० हजारांच्या आसपास गुन्हे नोंदले गेले. २०१४ मध्ये हा आकडा दीड लाखाच्या वर गेला आणि २०१५ मध्ये एक लाख नव्वद हजारांच्याही पुढे. दोन वर्षांत गुन्हेगारी दुपटीहून जास्त वाढली म्हणायची का? खुनांची संख्या तर या सगळ्या काळात पाच-सहाशेच्या दरम्यानच राहिली. बदलली होती ती नोंदणी. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया बलात्कार प्रकरणानंतर कायदा कडक झाला. लैंगिक गुन्ह्यांसारख्या गंभीर प्रकरणांत तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षेची तरतूद झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर नोंदवणे पोलिसांना बंधनकारक केले. २०१५ मध्ये दिल्लीत वाहनचोरी आणि इतर चोऱ्यांची तक्रार ऑनलाइन करण्याची सोय झाली. जो माणूस पूर्वी ‘जाऊ दे’ म्हणून घरी बसायचा, तो आता आकड्यात आला. आज दिल्लीचा गुन्ह्यांचा दर कोलकात्याच्या कैक पट दिसतो. त्यात दिल्लीतली खरी गुन्हेगारी आहेच, पण नोंद करण्याची सोपी वाटही आहे. केरळ वर्षानुवर्षे गुन्ह्यांच्या दरात देशात वरच्या रांगेत असते, त्यामागेही नोंदणीचा मोठा वाटा आहे.

थोडक्यात, कमी आकड्याचे दोन अर्थ होऊ शकतात : गुन्हे कमी आहेत, किंवा तक्रारी कमी लिहिल्या जातात. नुसता आकडा बघून यातले खरे कोणते, हे सांगता येत नाही.

फोन चोरीला गेला की गहाळ झाला?

हे कसे घडते ते एका साध्या प्रसंगात पाहू. पीएमपी बसच्या गर्दीत खिशातला फोन गेला. माणूस ठाण्यात जातो. पहिला प्रश्न : “चोरीला गेला की कुठे पडला?” आता, चोर दिसला असता तर फोन गेलाच नसता. माणूस गोंधळतो : “नक्की नाही सांगता येणार.” “मग गहाळ म्हणून लिहून द्या, लगेच दाखला मिळेल.” नवे सिमकार्ड घ्यायला तेवढा कागद पुरतो. सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर हँडसेट बंद करून घ्यायलाही तो चालतो. तक्रारदाराचे काम झाले, ठाण्यावरचा तपासाचा बोजा वाचला, दोघेही समाधानी. फक्त शहरातली एक चोरी कागदावरून नाहीशी झाली.

याच्या उलट मोटारसायकल चोरीला गेली तर एफआयआर हटकून होतो, कारण त्याशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही. खुनाचेही तसेच. मृतदेह दडवणे अवघड, त्यामुळे नोंद टाळणेही अवघड. म्हणून दोन शहरांची तुलना करायचीच असेल तर अभ्यासक एकूण गुन्ह्यांपेक्षा खून आणि वाहनचोरी या दोन आकड्यांवर अधिक विसंबतात.

नोंद न होणाऱ्या गुन्ह्यांचा ढीग केवढा आहे, याचा अंदाज घ्यायला थेट लोकांना विचारावे लागते. टाटा ट्रस्ट्स आणि आयडीएफसी इन्स्टिट्यूट यांनी दिल्ली, मुंबई, बंगळूरु आणि चेन्नई या चार शहरांत असे घरोघरचे सर्वेक्षण केले, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. चोरी झालेल्यांपैकी ज्यांचा एफआयआर प्रत्यक्ष नोंदला गेला, त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत निघाले. म्हणजे ज्या आकड्यावर आपण शहरांचे नंबर लावतो, तो चोरीच्या बाबतीत दहातला एक भागही नाही.

छेदातली लोकसंख्या

गुन्ह्यांचा दर हा एक अपूर्णांक आहे. वर गुन्हे, खाली लोकसंख्या. चर्चा सगळी अंशाची होते, छेदाकडे कोणी बघत नाही.

महानगरांचे दर काढताना एनसीआरबी २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या वापरते, कारण त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. पुण्यासाठी हा आकडा ५०.५ लाख आहे. गेल्या दशकात हिंजवडी, खराडी, वाघोली, मोशी इकडे केवढी वस्ती वाढली हे पुणेकराला सांगायला नको. छेद जुना आणि लहान असल्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या शहराचा दर असतो त्याहून जास्त दिसतो. जे शहर फारसे वाढलेले नाही, त्याला हा फटका कमी बसतो.

आता दुसरी बाजू. हे ५०.५ लाख म्हणजे नुसते पुणे नव्हे. तो पिंपरी-चिंचवड आणि कटकमंडळांसह अख्ख्या नागरी समूहाचा आकडा आहे. २०११ मध्ये पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास होती. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय वेगळे झाले. त्यासाठी पुणे शहर आणि पुणे ग्रामीणमधली काही ठाणी काढून घेण्यात आली. तेव्हा ‘पुणे’ या नावापुढे लिहिलेले गुन्हे कोणत्या हद्दीतले आणि त्यांना भागणारी लोकसंख्या कोणत्या हद्दीतली, हा पहिला प्रश्न विचारायला हवा. तेवढेच गुन्हे ५० लाखांऐवजी ३१ लाखांनी भागले, तर दर दीडपटीहून जास्त चढतो आणि दुसरा क्रमांक हातचा जातो. कोलकात्याचा छेद तर १४१ लाखांचा आहे. त्यात हावड्यापासून आजूबाजूची कितीतरी गावे येतात. खुद्द कोलकाता महापालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये ४५ लाख होती. गुन्हेगार हद्द बघून चालत नाही, पण ठाण्यातली नोंद मात्र हद्दीबाहेर पाऊल टाकत नाही.

एकाच शहराचे दोन नंबर

कोलकात्याचीच गोष्ट पुढे पाहू. एनसीआरबीच्या तक्त्यात हे शहर सलग काही वर्षे सर्वांत सुरक्षित. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नारी २०२५’ हा महिलांच्या सुरक्षिततेचा अहवाल आला. ३१ शहरांतल्या १२,७७० महिलांना प्रश्न विचारून तो तयार झाला होता. त्यात कोलकाता पाटणा, जयपूर, दिल्ली यांच्यासोबत तळाच्या शहरांत होते, तर मुंबई वरच्या शहरांत. यातले खरे कोणते?

दोन्ही. पहिला अहवाल ठाण्यातल्या नोंदी मोजतो, दुसरा बायकांना काय वाटते ते. त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला होता आणि शहर महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरले होते. आकडेवारीच्या हिशेबात तो एक गुन्हा. पण ‘रुग्णालयात, सहकाऱ्यांच्या मध्येही आपण सुरक्षित नाही’ ही जाणीव त्या एका गुन्ह्याने लाखो महिलांच्या मनात रुजवली. याच अहवालानुसार छळ झालेल्या महिलांपैकी तिघींत एकच तक्रार करते. म्हणजे ज्या शहरात भीती जास्त, तिथे नोंद कमी, आणि नोंद कमी म्हणून शहर ‘सुरक्षित’, असेही घडू शकते.

जागतिक क्रमवाऱ्यांची तऱ्हाही अशीच. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या सुरक्षित शहरांच्या यादीत २०१९ मध्ये मुंबई ४५वी आणि दिल्ली ५२वी होती. २०२१ मध्ये दिल्ली ४८वी आणि मुंबई ५०वी झाली. दोन वर्षांत दिल्ली मुंबईपेक्षा निर्धोक झाली असे दादरच्या किंवा लाजपतनगरच्या रहिवाशाला वाटले नाही. या यादीत गुन्हेगारीसोबत आरोग्यव्यवस्था, पायाभूत सोयी, डिजिटल सुरक्षा असे बरेच काही मोजले जाते, आणि २०२१ मध्ये पर्यावरणाची भर पडली होती. इंटरनेटवरच्या काही याद्या तर ज्याला वाटेल त्याने भरलेल्या प्रश्नावलीवरच उभ्या असतात. यादी वाचण्याआधी तिने काय मोजले, ते वाचावे.

शहर राहू द्या, गल्ली सांगा

शहराची सरासरी हे तिथे राहणाऱ्या कोणाचेच वास्तव नसते. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात लॉरेन्स शर्मन यांनी पोलिसांना आलेल्या फोनचा अभ्यास केला, तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातल्या सुमारे तीन टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आले होते. पुढे डेव्हिड वाइसबर्ड यांनी सिएटलमध्ये चौदा वर्षांच्या नोंदी तपासल्या. तिथे चार-पाच टक्के रस्त्यांवर निम्मे गुन्हे घडत होते, आणि हे रस्ते वर्षानुवर्षे जवळपास तेच राहत होते. इतर शहरांतही असेच चित्र पुन्हा पुन्हा दिसल्यावर वाइसबर्ड यांनी त्याला गुन्ह्यांच्या केंद्रीकरणाचा नियमच म्हटले.

पुण्यातल्या वादाची किल्ली इथे आहे. गाड्या फोडण्याच्या बातम्या येरवडा, बिबवेवाडी, वारजे अशा ठरावीक भागांतून पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या भागांतही ठरावीक गल्ल्यांतून. प्रभात रस्त्यावर तीस वर्षे काढलेल्या काकांना शहर शांत वाटते, कारण त्यांचा रस्ता खरोखरच शांत आहे. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना ते तसे वाटत नाही, कारण त्यांच्या वस्तीत कालच दोन टोळ्यांची मारामारी झाली. दोघे एकाच शहरात राहतात ते फक्त मतदार यादीत.

कोणाला, केव्हा, कोणापासून?

रस्त्यावरच्या हिंसेला सर्वाधिक बळी पडतात ते तरुण पुरुष. भीती मात्र सर्वाधिक व्यक्त करतात स्त्रिया आणि वृद्ध. गुन्हेशास्त्रात या विसंगतीवर खूप लिहिले गेले आहे. सुरुवातीला काहींनी ती ‘अवास्तव भीती’ म्हणून उडवून लावली. पण स्त्री रस्त्यावर जे सोसते, त्यातले बहुतेक कुठल्याच तक्त्यात येत नाही : बसमधला धक्का, पाठलाग करणारी दुचाकी, टपरीवरचे शेरे. तिची भीती या न मोजलेल्या अनुभवावर बेतलेली असते. दुसरीकडे, एनसीआरबीच्या नोंदींत बलात्काराचे ९५ टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसापेक्षा घर, नातेवाईक, शेजारी यांच्याकडून धोका जास्त. म्हणजे ‘रात्री बाहेर पडू नकोस’ हा सल्ला ज्या घरातून दिला जातो, तेच घर कित्येकींसाठी सर्वांत असुरक्षित जागा असते.

आणि घराबाहेरही धोका नाही असे नाही. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये गावी निघालेल्या तरुणीवर बलात्कार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. आगार शहरातल्या सर्वाधिक वर्दळीच्या आगारांपैकी एक, पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर. कॅमेरे आणि गर्दी असूनही बस उभ्या करण्याच्या जागेत कोणाचे लक्ष नव्हते. अमेरिकन लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्येच मांडले होते की रस्ता सुरक्षित राखण्यात पोलिसांपेक्षाही अधिक तिथले दुकानदार, ओट्यावर बसलेली माणसे, येणारे-जाणारे यांच्या नजरेचे काम असते. पेठांत रात्री उशिरापर्यंत वाटणारा निर्धास्तपणा याच नजरेतून येतो, आणि उंच भिंतींच्या गृहसंकुलांमधल्या नव्या रुंद रस्त्यांवर ती नजरच नसते. ‘सेफ्टीपिन’ हे २०१३ पासूनचे भारतीय ॲप रस्त्यांना गुण देते ते याच निकषांवर : दिवे, पदपथ, मोकळी दृष्टी, लोकांची आणि त्यातही महिलांची वर्दळ, जवळचे बस-रिक्षाचे साधन. यातली बरीच कामे गृहखात्याच्या अखत्यारीत नाहीत, महापालिकेच्या आहेत.

भीती इकडे, धोका तिकडे

जॉर्ज गर्बनर या माध्यम अभ्यासकाने १९७० च्या दशकात दाखवले की जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग असते त्याहून जास्त हिंसक वाटते. आता टीव्हीची जागा खिशातल्या फोनने घेतली आहे. कोयता घेऊन धावणाऱ्या पोराची वीस सेकंदांची क्लिप सकाळी पाच ग्रुपवर येते, आणि पाच घटना घडल्यासारखी मनात बसते. अमेरिकेत गॅलप संस्था वर्षानुवर्षे हा प्रश्न विचारते. प्रत्यक्ष गुन्हे घटत असलेल्या वर्षांतही बहुसंख्य लोक ‘देशात गुन्हे वाढले’ म्हणतात, आणि स्वतःच्या भागाबद्दल विचारले की तसे म्हणणारे कमी निघतात.

या गदारोळात मोठे धोके नजरेआड होतात. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून नोंदले गेले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, म्हणजे जवळपास सहापट. मुंबईत वर्षाला दीडशेच्या आसपास खून होतात. लोकलच्या रुळांवर आणि दारांतून पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक जीव जातात. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले, तेव्हा पुण्याला क्षणभर रस्त्यावरच्या मरणाची आठवण झाली. पण ‘शहर सुरक्षित आहे का’ या वादात अपघात अजूनही मोजला जात नाही. सायबर फसवणुकीचेही तेच. शांत गल्लीतल्या ज्या निवृत्त गृहस्थांना कोयत्याची भीती नाही, त्यांचीच आयुष्यभराची पुंजी ‘डिजिटल अरेस्ट’ची खोटी धमकी देणाऱ्या एका फोनवर साफ होते.

मग करायचे काय?

इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून आणि अमेरिकेत १९७० च्या दशकापासून सरकारच घरोघरी जाऊन ‘तुमच्याबाबत गुन्हा घडला का, आणि तुम्ही तो नोंदवलात का’ असे विचारते. पोलिसांचा आकडा आणि लोकांचा आकडा शेजारी ठेवला की गुन्हे वाढले की नोंदणी सुधारली, हे कळते. आपल्याकडे असे नियमित राष्ट्रीय सर्वेक्षण नाही. शहराच्या क्रमांकावर अभिनंदनाचे फलक लावण्यापेक्षा नगरसेवक आणि आमदारांकडे दोन गोष्टी मागाव्यात : दर वर्षी बळी पडलेल्यांचे सर्वेक्षण, आणि ठाणेनिहाय गुन्ह्यांची आकडेवारी आजच्या लोकसंख्येसह.

आणि एक काम प्रत्येकाच्या हातातले आहे. फोन चोरीला गेला असेल तर ‘गहाळ’ लिहून देऊ नका. एफआयआरचाच आग्रह धरा, त्याची प्रत तक्रारदाराला विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे. हद्दीचे कारण पुढे केले तर ‘झिरो एफआयआर’ मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कोणत्याही ठाण्यात नोंदवण्याची तरतूद आहे. ऑनलाइन पैसे गेले तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तुमच्या तक्रारीने कदाचित शहर पुढच्या तक्त्यात दोन नंबर खाली घसरेल. घसरू द्या. ज्या शहरात तक्रार लिहून घेतली जाते ते, न लिहून घेतल्यामुळे पहिल्या आलेल्या शहरापेक्षा केव्हाही जास्त सुरक्षित असते.